शेजारच्या पट्टीचा वाटा : प्रस्तावना

१९६८ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जॉर्ज शार्पाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम दहा सेंटिमीटरच्या चौकटीत, एकमेकींपासून काही मिलिमीटरवर, अतिशय बारीक तारा ताणून एक डिटेक्टर सिद्ध केला. असे करून पाहावे हे त्याआधी कुणाला सुचलेच नव्हते असे नाही. पण या विषयातल्या बहुतेकांनी ते आधीच निकालात काढले होते. एकाच वायूत इतक्या तारा शेजारी शेजारी, मध्ये कसलाही आडपडदा नाही. म्हणजे दोन तारांमध्ये कपॅसिटन्स येणार, एका तारेवर उमटलेला सिग्नल त्या वाटेने दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर पसरणार, आणि कण नेमका कुठल्या तारेजवळून गेला हे कळायचेच नाही. मग इतक्या तारा ताणायच्या कशाला?

या युक्तिवादात हिशेबाची चूक नव्हती, फक्त आयनांना त्यात धरले नव्हते. कण वायूतून जाताना काही इलेक्ट्रॉन सुटे होतात, तारेकडे ओढले जातात आणि तारेच्या अगदी निकट एकाचे हजारो होतात. मागे राहिलेले धन आयन तारेपासून दूर सरकू लागतात, आणि तारेवर दिसणारा ऋण सिग्नल बव्हंशी या सरकण्यातूनच येतो. हेच आयन आजूबाजूच्या तारांवर मात्र धन सिग्नल उमटवतात. कपॅसिटन्समधून झिरपलेला ऋण आणि आयनांनी उमटवलेला धन, दोघे मिळून शेजारच्या तारेवरची खोटी साक्ष बरीचशी पुसून टाकतात. ज्या तारेजवळ घटना घडली तीच ठळक बोलते. शार्पाक यांना १९९२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते प्रामुख्याने या बहुतारी डिटेक्टरसाठी. हा डिटेक्टर येईतोवर कणांचे माग फोटोंवर टिपून माणसांनी डोळ्यांनी तपासायचे, असा बराचसा कारभार होता. तो यानंतर हळूहळू इलेक्ट्रॉनिक्सच्या हाती गेला.

कणांच्या स्थानमापनावरच्या या पुस्तकाची सुरुवात शार्पाकपासून केली, त्याला निव्वळ भक्तिभाव हे कारण नाही. सिग्नलचे शेजाऱ्याकडे झिरपणे, ज्याला सगळेजण क्रॉसटॉक म्हणतात, त्याच्या धास्तीने या विषयाचा सर्वांत फलदायी मार्ग काही काळ अडवून धरला होता. ती धास्ती थोडीशी अजूनही शिल्लक आहे. पाठ्यपुस्तकांत क्रॉसटॉक बहुधा ‘दोष’ या मथळ्याखाली दोन परिच्छेदांत उरकलेला असतो: तो कमी करावा, जमल्यास शून्यावर आणावा. मला ही मांडणी अपुरी वाटते. स्थानमापनातली सगळी बारीक कामगिरी शेजाऱ्याला मिळणाऱ्या वाट्यावरच उभी आहे. तो वाटा कुठून आला, किती आला आणि दोन्ही बाजूंना सारखा आला का, एवढे माहीत असेल तर तो कामाचा. माहीत नसेल तर तोच वाटा कणाला त्याच्या जागेवरून हलवतो. सगळ्या पुस्तकातला वाद एवढ्यावरच आहे.

आधी जागा किती नेमकी कळू शकते ते पाहू. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर ८० मायक्रॉन अंतराने समांतर पट्ट्या आहेत, आणि प्रत्येक पट्टी फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ सांगते, असे समजा. पट्टी ‘होय’ म्हणाली तर कण तिच्या हद्दीतल्या ८० मायक्रॉनमध्ये कुठेतरी होता. कुठे, ते माहीत नाही; सगळ्या जागा सारख्याच संभाव्य. अशा वेळी अनिश्चितता पट्ट्यांच्या अंतराला १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.४६ ने भागून मिळते: २३ मायक्रॉन. सर्नच्या अ‍ॅटलास प्रयोगातल्या सिलिकॉन-पट्टी डिटेक्टरच्या मधल्या भागात नेमके हेच ८० मायक्रॉनचे अंतर आणि हाच होय-नाहीचा कारभार आहे. पाठीला पाठ लावलेल्या दोन चकत्या ४० मिलीरेडियनने तिरक्या ठेवल्यामुळे दोन मोजमापे मिळतात आणि आकडा १७ मायक्रॉनच्या आसपास येतो.

यापेक्षा बारीक जायचे असेल तर पट्टीने किती प्रभार मिळाला तेही सांगायला हवे, आणि तो प्रभार एकापेक्षा जास्त पट्ट्यांत विभागलेला हवा. इथेच अडचण सुरू होते. सुमारे ३०० मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनमधून वेगवान कण गेला की साधारण २२ हजार इलेक्ट्रॉन-होल जोड्या तयार होतात. त्या पट्टीपर्यंत पोहोचेस्तोवर आडव्या पसरतात त्या केवळ काही मायक्रॉन. ८० मायक्रॉनच्या पट्टीच्या मधोमध सरळ उतरलेल्या कणाचा सगळा प्रभार त्याच पट्टीला मिळतो. शेजारणीला काहीच नाही, म्हणून आपल्यालाही नवी माहिती नाही. पट्टी कितीही अचूक मोजो, आपण पुन्हा २३ वरच.

मग वाटणी घडवून आणावी लागते. सर्नच्याच सीएमएस प्रयोगात ३.८ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्राला हे काम दिले आहे. क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन वाकड्या वाटेने जातात आणि प्रभार दोन-तीन पिक्सेलांवर पसरतो. मूळच्या पिक्सेल डिटेक्टरमध्ये १०० मायक्रॉनच्या पिक्सेलने होय-नाहीच्या हिशेबात २९ मायक्रॉन दिले असते. या पसरण्यामुळे तो १० मायक्रॉनच्या आसपास पोहोचला. शिकवताना मी हे उदाहरण मुद्दाम वापरतो, कारण ‘सिग्नल जितका एकाच ठिकाणी गोळा तितका चांगला’ ही समजूत त्याने पहिल्याच तासाला मोडते.

त्याच्याही आधीचा आणि माझ्या मते जास्त देखणा दाखला एनए११ या प्रयोगाचा. म्युनिकमध्ये जोसेफ केमर यांनी १९८० च्या सुमारास चिप बनवण्याचे प्लेनर तंत्र डिटेक्टरच्या सिलिकॉनला लागू केले, आणि त्या चकत्या सर्नच्या एनए११ मध्ये चार्म कण शोधायला बसवल्या गेल्या. हे कण सेकंदाच्या साधारण दहा लाख कोटीव्या भागापुरते जगतात. तेवढ्यात ते काही मिलिमीटर जातात न जातात, म्हणून जन्माची आणि मृत्यूची जागा वेगळी दिसायला काही मायक्रॉनची अचूकता लागत होती. चकतीवर २० मायक्रॉन अंतराने १२०० पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीला अ‍ॅम्प्लिफायर जोडणे त्या काळच्या भल्यामोठ्या इलेक्ट्रॉनिक्समुळे अवघड होते. म्हणून दर तिसरीच पट्टी वाचली, मधल्या दोन तशाच मोकळ्या सोडल्या.

मोकळ्या पट्टीवर पडलेला प्रभार वाया गेला नाही. पट्टी-पट्टीमधल्या कपॅसिटन्समधून तो दोन्हीकडच्या वाचल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर उमटला: जवळच्या पट्टीवर साधारण दोन तृतीयांश, लांबच्या पट्टीवर एक तृतीयांश. थोडा चकतीच्या पाठीमागच्या बाजूकडेही गेला, तेवढा तोटा. ज्या रस्त्याला घाबरून बहुतारी डिटेक्टर अशक्य ठरवला गेला होता, तोच रस्ता इथे मुद्दाम आखलेला होता. ६० मायक्रॉन अंतराने वाचलेल्या पट्ट्यांनी ४.५ मायक्रॉनची विभेदनक्षमता दिली. होय-नाहीच्या हिशेबात ती १७ आली असती. १२० मायक्रॉन अंतराने वाचल्यावरही ७.९ मिळाले. याच मंडळींनी डाव्या-उजव्या पट्टीवरच्या सिग्नलचे गुणोत्तर घेऊन जागा काढण्याची रीत रूढ केली. त्या गुणोत्तराला एटा हे ग्रीक अक्षर मिळाले आणि तेच आजही चालते.

या दोन दाखल्यांवरून क्रॉसटॉक चांगलाच, असे कुणी म्हणू नये. जुन्या लँडलाइनवर क्रॉस कनेक्शन लागून तिसऱ्याच घरचे बोलणे ऐकू यायचे, तसा नको असलेला वाटाही इथे असतोच. तो चकतीत येतो, चिपच्या आत येतो, जोडतारांत येतो, केबलमध्ये येतो. त्याने नेमके काय बिघडते हे शब्दांत धूसर राहते, म्हणून एक लहानसे गणित इथेच करतो.

दोन पट्ट्या, अंतर ८० मायक्रॉन. खरा प्रभार डावीवर ७५ भाग, उजवीवर २५ भाग. भारित सरासरी काढली तर कण डाव्या पट्टीपासून २० मायक्रॉनवर. आता प्रत्येक पट्टी आपल्या दोन्ही शेजारणींना पाच-पाच टक्के देते असे धरा. डावीवर ६८.७५ उरतात आणि उजवीवर २६.२५ होतात. डावीच्याही पलीकडच्या पट्टीवर ३.७५ आणि उजवीच्या पलीकडे १.२५ जातात. चारही पट्ट्या धरून सरासरी काढा: उत्तर पुन्हा बरोबर २० मायक्रॉन. दोन्हीकडे सारखी गळती असेल तर सरासरी जागची हलत नाही. नवख्यांना हे पटत नाही, म्हणून कागदावर करून बघायला सांगावे.

पण चारही पट्ट्या कधीच हिशेबात येत नाहीत. प्रत्येक पट्टीवर स्वतःचा नॉइज असतो, त्यामुळे ठरावीक उंबरठ्याखालचे आकडे टाकून द्यावे लागतात. ३.७५ आणि १.२५ तिथेच गळतात. उरलेल्या दोघींची सरासरी २२.१ मायक्रॉन येते. कण दोन मायक्रॉनने दोन पट्ट्यांच्या मध्याकडे सरकला. कण मध्याच्या पलीकडे असता तर उलट दिशेने सरकला असता, आणि बरोबर मध्यावर असता तर हललाच नसता. म्हणजे सगळीकडून सारखी वजा करता येईल अशी ही चूक नाही. पट्टीवर कण कुठे पडला यावर ती बदलते. एटाचे वितरण मोजून काढलेली दुरुस्ती यातले बरेच सावरते, कारण ती प्रत्यक्ष सिग्नलवरूनच बेतलेली असते. मात्र एका तपमानाला, एका व्होल्टेजला बेतलेली दुरुस्ती दुसरीकडे तशीच वापरली की ती स्वतःच चूक होऊन बसते.

एकाच बाजूची गळती मात्र वेगळीच जात. वरच्याच उदाहरणात प्रत्येक पट्टी फक्त उजवीकडच्या शेजारणीला पाच टक्के देते असे धरले, तर सगळ्या पट्ट्या मोजूनही उत्तर २४ मायक्रॉन येते. पट्ट्यांच्या अंतराच्या पाच टक्के, सरळ एका दिशेला. आता एकच बाजू का निवडली जाईल, असे वाटणे साहजिक आहे. एलएचसीबी प्रयोगाच्या जुन्या व्हेलो डिटेक्टरमध्ये त्याचे स्वच्छ उदाहरण सापडते. तिथे बीटल नावाच्या चिपमधून १२८ पट्ट्यांचे अ‍ॅनालॉग सिग्नल चार तारांवर, एका तारेवर ३२ असे, एकामागोमाग एक २५ नॅनोसेकंदांच्या अंतराने बाहेर पडत आणि ६० मीटर तांब्याच्या केबलमधून पुढच्या बोर्डावर जात. केबलमध्ये प्रत्येक सिग्नलला शेपूट फुटते आणि ते नंतरच्या सिग्नलवर पडते. आधीच्यावर कधीच पडत नाही. चकतीवर दोन्ही शेजारणी सारख्या, पण रांगेत उभे राहिल्यावर एक पुढची आणि एक मागची. म्हणून बोर्डावरच प्रत्येक नमुन्यातून शेजारच्या नमुन्यांचा ठरावीक अंश काढून टाकणारा डिजिटल फिल्टर ठेवावा लागला. अशी सगळी काळजी घेतल्यावर, जिथे पट्ट्या सर्वांत दाट होत्या तिथे आणि कण अनुकूल कोनात आला असता, या डिटेक्टरने ४ मायक्रॉनची विभेदनक्षमता दिली.

याच व्हेलोने आणखी एक धडा दिला, आणि तो डिटेक्टर बांधताना कुणाच्या हिशेबात नसावा. अर्धगोल चकतीवर कमानीसारख्या पट्ट्या, सर्वांत आतल्या पट्ट्या कणझोतापासून केवळ ८ मिलिमीटरवर. चिप मात्र बाहेरच्या कडेला. आतल्या पट्ट्यांचे सिग्नल बाहेर आणायला धातूच्या दुसऱ्या थरावर बारीक रेषा काढलेल्या, आणि त्या वाटेतल्या बाहेरच्या पट्ट्यांवरून जाणाऱ्या. किरणोत्सर्गाचा मारा वाढत गेला तसे बाहेरच्या भागात पडलेल्या प्रभाराचा काही अंश या रेषांवर उमटू लागला. परिणाम असा की कण गेला बाहेरून, तिथली पट्टी कधी कधी गप्प, आणि कित्येक मिलिमीटर आत, कणझोताजवळच्या पट्टीवर एक लहानसा खोटा ठसा. काही मायक्रॉनच्या चुकीची सवय असलेल्या माणसाला मिलिमीटरची चूक दिसते, पण ती पसरट नाही, सुटी सुटी. या घटनेला पुस्तकात अख्खे प्रकरण दिले आहे. क्रॉसटॉक म्हणजे लगतच्या पट्टीकडे होणारी गळती, ही व्याख्या इथे कोलमडते. सिग्नलच्या लेखी नकाशातले अंतर शेजार ठरवत नाही; कुठला धातू कुठल्या धातूवरून गेला आहे त्यावर तो ठरतो.

होय-नाही पद्धतीच्या डिटेक्टरना यातले बरेचसे त्रास होत नाहीत. त्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. अ‍ॅटलासच्या पट्ट्यांचा उंबरठा १ फेम्टोकुलंबचा. नेहमीच्या कणाचा प्रभार साडेतीन फेम्टोकुलंबच्या आसपास, त्याच्या पाच टक्क्यांनी शेजारीण काही उठून बसत नाही. तिला जागे करायला मूळ सिग्नल २० फेम्टोकुलंबचा लागेल. तसे सिग्नल येतात, पण क्वचित. साधेपणाची ही किंमत त्यांनी विभेदनक्षमतेत मोजली आहे, आणि लाखो चॅनेल वर्षानुवर्षे चालवायची असताना तो सौदा मला शहाणपणाचा वाटतो.

क्रॉसटॉक मोजायचा कसा, याचे तंत्र पुढे सविस्तर येईल. इथे एकच इशारा. सोपी रीत अशी की एका चॅनेलच्या अ‍ॅम्प्लिफायरला ठरावीक प्रभाराचा धक्का द्यायचा आणि शेजारच्या चॅनेलांवर काय उमटते ते पाहायचे. ती रीत चिपमधली आणि जोडतारांतली गळती नीट दाखवते. पण हा धक्का चकतीतून आलेला नसतो. खऱ्या कणाच्या प्रभाराची जी वाटणी सिलिकॉनच्या आत होते ती इथे दिसत नाही. त्यासाठी कॉस्मिक किरण किंवा टेस्ट बीमच घ्यावा लागतो, सरळ उतरलेले कण वेगळे काढावे लागतात, आणि दोन्ही शेजारणींना किती मिळाले ते शेकडो-हजारो घटनांवरून पाहावे लागते. शिवाय मिसळलेले पुन्हा वेगळे काढायचे गणित जमले तरी ते फुकट नसते. उलटे गणित करताना नॉइजही वाढतो, आणि विभेदनक्षमता शेवटी सिग्नल आणि नॉइज यांच्या गुणोत्तरावर येऊन थांबते. गळती थोडी असेल तर ती न सुधारणे हेच कधी कधी बरे.

आपल्याकडच्या कामाचा उल्लेख इथे ओढूनताणून आणलेला नाही, कारण या प्रश्नाच्या दोन्ही टोकांवर भारतीय गटांनी काम केले आहे. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये न्यूट्रिनो वेधशाळेच्या प्रकल्पासाठी काचेचे रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर बांधून तपासले गेले. दोन काचांमधल्या २ मिलिमीटर वायूत ठिणगीसारखा सिग्नल उठतो आणि बाहेरच्या, सुमारे ३ सेंटिमीटर रुंदीच्या तांब्याच्या पट्ट्यांवर उमटतो, एका अंगाला आडव्या, दुसऱ्या अंगाला उभ्या. इतक्या रुंद पट्ट्यांची होय-नाहीच्या हिशेबातली अनिश्चितता ८-९ मिलिमीटर येते, आणि लोखंडाच्या थरांमधून वाकत जाणाऱ्या म्युऑनसाठी ती पुरेशी आहे. पण पट्टी लांब असल्यामुळे तिच्यावरून सिग्नल लाटेसारखा धावतो आणि धावता धावता शेजारणीवर उमटतो. एका कणाला किती पट्ट्या ‘होय’ म्हणाल्या, हा आकडा म्हणून तर रोज पाहावा लागतो. याच प्रकल्पाच्या, मदुराईला उभ्या केलेल्या ८५ टनी मिनी-आयकल या डिटेक्टरमध्येही तो पाहावा लागतो. दुसरे टोक कोलकात्याचे. साहा इन्स्टिट्यूटने सर्नच्या अ‍ॅलिस प्रयोगातल्या म्युऑन चेंबरसाठी मानस ही १६ चॅनेलची चिप घडवली. तिथे कॅथोडच्या कित्येक मिलिमीटरच्या तुकड्यांवर सिग्नल मुद्दाम पसरू दिला आहे, आणि त्या वाट्यांचे तोलमाप करून १०० मायक्रॉनच्या आसपासची जागा काढली जाते. एका ठिकाणी पसरणे मोजून आवरायचे, दुसऱ्या ठिकाणी त्यावरच मदार ठेवायची.

पुढची वाटचाल दुसऱ्या टोकाच्या दिशेने चालली आहे असे दिसते. एसी-एलगॅड नावाच्या नव्या सिलिकॉन डिटेक्टरमध्ये पट्ट्या-पिक्सेल वेगळे काढण्याऐवजी एकच सलग रोधक थर ठेवतात, आणि वर दूर दूर धातूचे तुकडे. प्रभार त्या थरातून पसरत जातो व अनेक तुकड्यांवर कमी-अधिक उमटतो. अमेरिकेत ब्रुकहेवन येथे होऊ घातलेल्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरच्या एपिक डिटेक्टरसाठी ५०० मायक्रॉन अंतराच्या अशा तुकड्यांकडून ३० मायक्रॉनच्या आसपासची जागा आणि सुमारे ३० पिकोसेकंदांची वेळ मिळवण्याचा बेत आहे. होय-नाहीच्या हिशेबात तेच अंतर १४४ मायक्रॉन देते. दोन कण एकाच क्षणी जवळ जवळ आले तर मात्र वाटे एकमेकांत मिसळतात. धातूचे तुकडे किती लांब ठेवायचे आणि थर किती रोधक, यावरची रस्सीखेच म्हणूनच संपलेली नाही. शेवटचे प्रकरण त्या मोजमापांचे आहे.

वाचनाचा क्रम प्रत्येकाने आपल्या सोयीने ठरवावा. शॉकली आणि रामो यांनी १९३८-३९ मध्ये मांडलेले, हलणाऱ्या प्रभारामुळे इलेक्ट्रोडवर किती प्रवाह उमटतो त्याचे सूत्र पहिल्या प्रकरणात सिद्ध केले आहे. गणिताची धास्ती असेल त्याने ती सिद्धता पहिल्या वाचनात सोडली तरी अडणार नाही. एटाचे प्रकरण मात्र कागद-पेन्सिल घेऊन वाचावे, आणि वरची चार पट्ट्यांची बेरीज त्याआधी एकदा स्वतः करून ठेवावी.